गुरं फुगू नयेत म्हणून: चरण्यासाठी सुरक्षित लसूणघासाचा वाण कसा घडवावा

दिवाळीनंतरची सकाळ. घासावर दव आहे, कोंब लुसलुशीत आहेत, आणि रात्रभर उपाशी असलेली गाय दावं तोडून वाफ्यात शिरते. अर्ध्या-पाऊण तासात तिची डावी भकाळी, म्हणजे बरगड्यांमागचा खळगा, वर येते. बोटाने टिचकी मारली तर ढोलासारखा आवाज. डॉक्टर वेळेत आला तर ठीक, नाहीतर दुपारपर्यंत गाय हातची जाते. लसूणघास लावणाऱ्या गावात हा प्रसंग कुणाला नवा नाही.

यावर आपल्याकडे सल्ले भरपूर आहेत: घास सुकवून द्या, कडबा कुट्टीत मिसळा, उपाशीपोटी सोडू नका. सगळे बरोबर आहेत आणि ते पाळलेच पाहिजेत. पण हे सगळे माणसाला शिस्त लावणारे उपाय. दुसरी वाट झाडाला शिस्त लावायची आहे, म्हणजे असा वाण घडवायचा की जो मुळातच कमी फुगवेल. हा लेख त्या दुसऱ्या वाटेबद्दल आहे. कृषी महाविद्यालयातले विद्यार्थी, चारा बियाणं करणारे गट आणि एखादी हौशी शेतकरी उत्पादक कंपनी यांना नजरेसमोर ठेवून तो लिहिला आहे. आधीच सांगतो, काम सात-आठ वर्षांचं आहे. एका हंगामात वाण काढून देतो म्हणणाऱ्याकडून बियाणं घेऊ नका.

पायरी १: नेमकं काय बाधतं ते ठरवा

'विषारी चारा' हा शब्द पैदाशीत निरुपयोगी आहे. प्रत्येक द्विदल चाऱ्याचा दोष वेगळा, म्हणून उपायही वेगळा.

लसूणघास, बरसीम आणि पांढरा क्लोव्हर (थंड देशांतला द्विदल चारा) यांवर गुरं फुगतात ती विषामुळे नव्हे. त्यांची पानं कोठीपोटात, म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या मोठ्या पोटात, फार भरभर फुटतात. पेशींतली विरघळणारी प्रथिनं आणि हरितद्रव्याचे कण एकदम मोकळे होऊन घट्ट फेस धरतात. वायू तर नेहमीच तयार होत असतो, पण या फेसात तो अडकतो आणि ढेकर बाहेर येत नाही. म्हणजे दोष पचनाच्या वेगात आहे.

सुबाभळीत मिमोसिन हे विषद्रव्य असतं. विदर्भातल्या लाखोळीत ओडॅप हे मज्जातंतूंना बाधणारं द्रव्य असतं, जे १९६४ साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राव, अडिगा आणि सर्मा यांनी वेगळं केलं. ऑस्ट्रेलियातल्या जमिनीत शेंगा गाडणाऱ्या क्लोव्हरमध्ये फॉर्मोनोनेटिन असतं. मेंढीच्या कोठीपोटात त्याचं इक्वॉल होतं आणि ते मादी संप्रेरकासारखं वागतं. पश्चिम ऑस्ट्रेलियात १९४०च्या दशकात या कुरणांवरच्या मेंढ्या गाभण राहीनाशा झाल्या, गर्भाशय बाहेर येऊ लागलं आणि खच्ची केलेल्या नरांच्या सडांतसुद्धा दूध उतरलं. १९४६ साली बेनेट्स, अंडरवुड आणि शायर यांनी हे प्रकरण छापलं, तेव्हा कुठे दोष कुरणाचा आहे हे सर्वांना पटलं. 

पायरी २: दोष खरंच झाडात सोडवायचा आहे का, ते तपासा

ही पायरी बहुतेक जण गाळतात.

सुबाभळीचंच बघा. सत्तर-ऐंशीच्या दशकात उरुळीकांचनच्या बाएफ या ग्रामविकास संस्थेने ती महाराष्ट्रभर पोचवली. घोड्या-गाढवांना ती जास्त खाऊ घातली की शेपटीचे आणि आयाळीचे केस गळतात, हे लोकांना लवकरच कळलं. ऑस्ट्रेलियात तर गुरांनाही ती बाधत होती. तिथल्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेचे रेमंड जोन्स यांच्या मात्र लक्षात आलं की हवाईतल्या शेळ्या नुसत्या सुबाभळीवर राहूनही धडधाकट आहेत. त्यांच्या कोठीपोटातले जंतू मिमोसिनपासून होणारा घातक डीएचपी हा पदार्थ फोडून टाकतात. तिथला कोठीपोटाचा रस ऑस्ट्रेलियातल्या गुरांत सोडल्यावर त्यांनाही सुबाभूळ पचू लागली. १९९२ साली त्या जंतूला नाव मिळालं ते जोन्स यांच्यावरूनच: सिनर्जिस्टिस जोन्सी. कमी मिमोसिनची सुबाभूळ घडवायला जी वर्षं लागली असती, ती एका बादलीभर रसाने वाचवली.

म्हणून पैदाशीचं काम सुरू करण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. जनावर बदलून भागेल का? चारण्याची पद्धत बदलून भागेल का? की पीकच दुसरं लावावं? डोंगरउतारावरच्या कुरणासाठी मी आजही आधी दशरथ घास किंवा स्टायलो ही द्विदल चारापिकं सुचवेन, कारण पोटफुगीचा प्रश्न तिथे येतच नाही. पण बागायती पट्ट्यात, जिथे वर्षभर दूध काढायचं आहे, तिथे लसूणघासाला तोड नाही. तिथे झाडावरच काम करावं लागतं.

पायरी ३: गायीच्या जागी कसोटी शोधा

सगळं काम या पायरीवर तरतं किंवा बुडतं. चारशे रोपांतलं कोणतं कमी फुगवतं हे बघायला चारशे गायी फुगवता येत नाहीत. एका रोपाच्या मूठभर पाल्यावर करता येईल अशी आणि गायीच्या पोटाशी खरं नातं सांगणारी कसोटी हवी.

कॅनडातल्या सॅस्कॅटून इथल्या सरकारी संशोधन केंद्रात गोपलेन, हॉवर्थ, कुलमन वगैरे मंडळींनी हा शोध वर्षानुवर्षं घेतला, आणि त्यांच्या चुका आपल्याला फुकट शिकायला मिळतात. फेस धरणारं प्रथिन कमी असलेली रोपं निवडता येतील का, इथून विचार सुरू झाला. त्यातून हाती काही लागलं नाही. फेस येतो म्हटल्यावर साबणासारख्या सॅपोनिनवर संशय जाणारच, पण कमी सॅपोनिनच्या घासावरही गुरं तितकीच फुगली. मग टॅनिन या तुरट द्रव्याकडे मोर्चा वळला. सेनफॉइनसारख्या चाऱ्यात टॅनिन असतं, ते प्रथिनांना बांधून ठेवतं, म्हणून त्यावर गुरं फुगत नाहीत. तेव्हा लसूणघासात टॅनिनवालं एखादं रोप सापडेल म्हणून प्रचंड शोधाशोध झाली. टॅनिन सापडलं ते फक्त बियांच्या सालीत. पानात नाही.

शेवटी प्रश्नच बदलला. फेसात काय आहे हे विचारण्याऐवजी पान किती वेगाने फुटतं ते त्यांनी मोजायला घेतलं. फुगवणारे आणि न फुगवणारे चारे शेजारी ठेवल्यावर फरक लख्ख दिसला: न फुगवणाऱ्यांची पानं कोठीपोटात सुरुवातीला हळू फुटतात. मग कसोटी ठरली. ताजा पाला नायलॉनच्या पिशवीत भरून चार तास कोठीपोटात ठेवायचा, नंतर किती उरला ते बघायचं. ज्याचा जास्त उरेल ते रोप ठेवायचं. निवडीच्या चार फेऱ्यांनंतर नव्वदच्या दशकात 'एसी ग्रेझलँड' हा वाण आला. सुरुवातीच्या पचनाचा वेग साधारण १५ टक्क्यांनी कमी झाला होता, पण चराईच्या चाचण्यांत पोटफुगीचे प्रसंग निम्म्याहून अधिक घटले. वेग थोडा कमी झाला, तर फायदा कितीतरी मोठा मिळतो. का, तर फेसाला एक उंबरठा असतो, तो ओलांडला नाही की ढेकर सुटत राहतो.

(याच गोपलेन यांनी गोड क्लोव्हरमध्ये कुमारिन कमी असलेले वाणही काढले. त्या क्लोव्हरच्या बुरशी लागलेल्या वाळल्या चाऱ्यात कुमारिनचं डायकुमारॉल होतं आणि गुरं रक्तस्रावाने मरतात. आपल्याकडच्या सेंजी या चाऱ्याची ती बहीण. कमी कुमारिनचा गुण एका रानटी जातीत होता, पण तिच्याशी संकर केला की रोपं पांढरीफटक उगवून मरत. विस्कॉन्सिनमधल्या पैदासकारांनी ती हिरव्या रोपांवर कलम करून जगवली. आणि डायकुमारॉलच्या अभ्यासातूनच पुढे वॉरफरिन हे उंदीर मारायचं आणि माणसाचं रक्त पातळ ठेवायचं औषध निघालं.)

तयार बियाणंच का मागवू नये? कॅनडातला घास दिवस लहान झाले की झोपी जातो. आपल्याला तो नेमका हिवाळ्यात हवा असतो. म्हणून तिथली कसोटी घ्यायची, झाड मात्र इथलं.

पायरी ४: मूळ रोपं गोळा करा

राहुरी कृषी विद्यापीठाचा आरएल-८८ वाण, गुजरातचा आणंद-२ वाण, झाशीच्या भारतीय गवत व चारा संशोधन संस्थेचं साहित्य, आणि त्याच्या जोडीला आपल्या भागात पंधरा-वीस वर्षं घरचंच बी धरून चालवलेला गावठी घास. गावठी घासाला कमी लेखू नका. लसूणघास परपरागीकरणाचा आहे, त्याच्या पेशीत गुणसूत्रांचे चार संच आहेत (एकूण ३२), त्यामुळे एकाच वाफ्यातली दोन रोपं सख्ख्या भावांइतकीही सारखी नसतात. आपल्याला हवा असलेला फरक वाणावाणांत असतो त्याहून जास्त रोपारोपांत असतो.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये रोपं ट्रेमध्ये वाढवून ६० × ६० सेंमीवर सुटी लावा. चारशे रोपं पुरेत. प्रत्येकाला क्रमांक द्या, आणि दर विसाव्या जागी आरएल-८८चं एकच ठरावीक रोप फाटे कलमाने वाढवून लावा. लसूणघासाच्या कोवळ्या फाट्याला मुळं सहज फुटतात. हे साक्षीदार रोप पुढे फार कामाला येतं.

पायरी ५: पिशवीची कसोटी

यासाठी कोठीपोटाला बाहेरून उघडता येणारी खिडकी बसवलेला बैल लागतो. असा बैल पशुवैद्यक महाविद्यालयात किंवा पशुपोषणाच्या विभागात असतो. तो आपण बनवायचा नाही. संस्थेशी करार करा, प्राणी नैतिकता समितीची परवानगी त्यांच्यामार्फत घ्या. बैलाला चाचणीच्या दोन आठवडे आधीपासून शेवटपर्यंत एकच खुराक हवा.

कृती अशी. रोपाच्या शेंड्याकडचा पाला सकाळी एकाच वेळी कापा, ओल्या फडक्यात गुंडाळून न्या. सगळ्यांचा पाला सारख्याच लांबीने चिरा. २० ग्रॅम पाला पिशवीत, आणि त्याच पाल्याचा दुसरा नमुना भट्टीत, म्हणजे कोरडा अंश कळेल. चार तासांनी सगळ्या पिशव्या एकदम बाहेर काढून थंड पाण्यात बुडवा, पाणी नितळ येईपर्यंत धुवा, वाळवा, वजन करा. समजा पाल्याचा कोरडा अंश २० टक्के निघाला, तर पिशवीत ४ ग्रॅम कोरडा पाला गेला. उरला २.६ ग्रॅम. म्हणजे घट ३५ टक्के. काही पिशव्या कोठीपोटात न घालता नुसत्या धुऊन वाळवा. धुण्यातच किती जातं ते त्यावरून कळतं.

फसगत होते ती तीन ठिकाणी.

एक, जून पाला. कळी धरलेलं रोप हळू पचतं, ते वय झाल्यामुळे. तुम्ही 'सुरक्षित' म्हणून निवडाल ती फक्त लवकर फुलणारी रोपं. एका बैलात एका वेळी तीस-चाळीस पिशव्याच बसतात, म्हणजे चारशे रोपांच्या दोन-दोन पिशव्यांना वीस-पंचवीस दिवस लागणार, आणि तोवर शेवटचं रोप फुलावर येणार. यावर उपाय सोपा आहे: रोपं एकदम छाटू नका. रोज जितकी तपासायची तितकीच रोज छाटा. म्हणजे कसोटीच्या दिवशी प्रत्येक रोप छाटणीपासून बरोबर पंचविसाव्या दिवसावर असेल.

दोन, बैलाचा दिवस. आज तो जोरात पचवतो, उद्या मंद. म्हणून प्रत्येक खेपेत साक्षीदार रोपाच्या तीन-चार पिशव्या घाला आणि बाकीच्यांचा आकडा त्यांच्या तुलनेत मांडा. नुसत्या आकड्याला अर्थ नाही.

तीन, एकदाच मोजून निवडणं. पहिल्या कापणीत सर्वांत कमी घट असलेली ऐंशी रोपं घ्या, पुढच्या कापणीत ती पुन्हा तपासा, आणि दोन्ही वेळा टिकलेली तीस-चाळीस ठेवा. यापेक्षा कमी ठेवलीत तर दोन-तीन फेऱ्यांत रक्तसंबंध वाढून घास खुरटतो. लसूणघासाला ते मुळीच सोसत नाही.

पायरी ६: निवडलेल्यांचा आपसात संकर

तीस-चाळीस रोपांचे फाटे कलमाने वाढवून एका अलग वाफ्यात मिसळून लावा. आसपास दुसरा घास फुलावर नसावा. पायाभूत बियाण्यासाठी ४०० मीटर अंतर धरतात, ते इथेही धरा. तेवढी जागा नसेल तर मच्छरदाणीसारखी जाळी आणि आत मधमाश्यांची पेटी.

लसूणघासाचं फूल दाबाखाली मिटलेलं असतं. माशी आत बसली की आतला दांडा खटकन उसळतो आणि तेव्हाच परागीकरण होतं. पाळीव मधमाश्या हा फटका एक-दोनदा खाल्ल्यावर शहाण्या होतात आणि बाजूने मध चोरायला लागतात. पानं कातरणाऱ्या रानमाश्या खरं काम करतात, म्हणून बांधावरची त्यांची बिळं राखा, फुलोऱ्यात कीटकनाशक नको. छोट्या प्रमाणावर फुलांचे झुबके बोटांत हलके चोळले तरी फुलं उसळतात.

फेब्रुवारीनंतर कापणी थांबवली की एप्रिल-मेपर्यंत बी तयार होतं. प्रत्येक मातेचं बी वेगळं काढा आणि सर्वांचं सारख्या वजनात मिसळा. जिला भरपूर बी आलं तिचंच वर्चस्व होऊ देऊ नका. हे मिश्रण म्हणजे पुढच्या फेरीची चारशे रोपं. वर्षाला एक फेरी, अशा चार फेऱ्या.

पायरी ७: किंमत काय मोजली ते बघा

हळू फुटणारं पान म्हणजे जाड पान, जास्त खोड, किंवा मंद वाढ, यांपैकी काही नकळत निवडलं गेलं असू शकतं. दोन वर्षं मूळ आरएल-८८च्या शेजारी लावून हिरव्या चाऱ्याचं उत्पादन, पानाचं प्रमाण, कापणीनंतरचा फुटवा आणि दुसऱ्या वर्षी जगलेली रोपं मोजा. चार तासांची घट कमी हवी, पण ४८ तासांची नको. पचन लांबलं तर चालेल, बुडता कामा नये.

चाचणी एकाच सुपीक प्रक्षेत्रावर करू नका. ऑस्ट्रेलियातल्या क्लोव्हरमध्ये स्फुरद कमी पडलं की फॉर्मोनोनेटिन वाढतं. लाखोळीत पाण्याचा ताण आणि जस्ताची उणीव असली की ओडॅप वाढतं. तोच वाण, पण जमीन बदलली की आकडा बदलतो. एक तरी जागा मुरमाड, पाण्याला ओढग्रस्त अशी घ्या.

पायरी ८: शेवटी गाय

पिशवी कितीही खरं बोलली तरी निकाल गायीचाच. पोटफुगी लहरी असते, एक गाय रोज फुगते तर दुसरी जन्मात फुगत नाही. म्हणून दोन गट करा, एक नव्या घासावर आणि एक जुन्यावर, आणि ठरावीक दिवसांनी त्यांची अदलाबदल करा. म्हणजे गायीचा स्वभाव आणि घासाचा गुण वेगळे होतात. शक्यतो खिडकीवाली जनावरंच वापरा, फेस चढला तर तिथूनच मोकळा करता येतो. डॉक्टर उभा असल्याशिवाय एक दिवसही नको. डाव्या भकाळीला शून्य ते पाच असे गुण द्या, आणि गुण देणाऱ्याला कोणता गट कोणत्या घासावर आहे ते सांगू नका.

एक सोपी वाट आहे, असं ऐकाल. न्यूझीलंडमध्ये ॲगरिसर्च या सरकारी संशोधन संस्थेने एका रानक्लोव्हरमधलं जनुक घालून पांढऱ्या क्लोव्हरच्या पानात टॅनिन आणलं, हे खरं आहे. पण ते जनुकबदलाचं पीक आहे, त्यांना शेतावरच्या चाचण्या अमेरिकेत घ्याव्या लागल्या. आपल्या गटाच्या आवाक्यातली ती गोष्ट नव्हे.

पायरी ९: बियाणं

वाण घडवण्याइतकंच तो राखणं अवघड. शेजारच्या जुन्या घासाचे पराग दर वर्षी येत राहतात, म्हणून शेतकऱ्याने घरचं बी दोन-तीन पिढ्यांपुढे न धरता मूळ बियाणं पुन्हा घ्यावं. मूळ तीस-चाळीस रोपांचे फाटे म्हणूनच जिवंत ठेवायचे. कमी ओडॅपच्या लाखोळीचंही तसंच, तिथेही माश्या सरमिसळ करतात.

आणि अमरवेल. एकदा मी एका दुकानातून सुटं बी आणलं आणि तिसऱ्या कापणीला अर्धा वाफा पिवळ्या दोऱ्यांनी झाकून गेला. अमरवेलीचं बी घासाच्या बीत मिसळलं की नजरेला सहज कळत नाही. बीजोत्पादनाच्या शेतात अमरवेलीचा एक दोरा दिसला तरी तेवढा पट्टा फुलण्याआधी घासासकट कापून जाळायचा.

कायद्याची बाजू थोडक्यात: २००१च्या वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानुसार शेतकऱ्यालाही आपला वाण नोंदवता येतो, आणि ब्रँड न लावता बी विकता-बदलता येतं. चौथ्या फेरीच्या आसपास कृषी विद्यापीठाच्या चारा पीक विभागाशी बोलून ठेवा.

राहिली पिशवीवरची चिठ्ठी. 'न फुगवणारा घास' असं कधीही छापू नका, कारण तसा लसूणघास आजवर कुणी काढलेला नाही. 'कमी फुगवणारा' म्हणा, आणि खाली मोठ्या अक्षरांत: आधी पोटभर कडबा, दव वाळल्यावरच सोडा, फुलावर येण्याआधी चारू नका, कापून द्यायचा असेल तर दिवसभर सुकवून कुट्टीत मिसळा, आणि फुगलंच तर पुढचे पाय उंचावर घेऊन जनावर उभं करा आणि लगेच डॉक्टरला फोन करा. फोन नंबरासाठी खाली एक रिकामी ओळ सोडा, ती ज्याची त्याने भरावी.